नळीचा न्याय

…नाही, तुम्हीच सांगा, ज्या माणसानं जन्मात अंडं फोडलं नाही त्याला नळीचा न्याय करायला बसवायचं? नळी म्हणजे पाण्याची नव्हे हो, मटणातली! बोकडाच्या पायाचं पोकळ हाड, आत काहीतरी मऊ असतं, माणसं ताटावर आपटून आपटून ते बाहेर काढतात आणि डोळे मिटून ओढतात… हे सगळं ज्ञान मला एकसष्टाव्या वर्षी मिळालं, आणि कुठं? विद्यापीठाच्या एसी खोलीत! समोर बिस्किटं, हातात फाईल, आणि चौकशीचा पहिला मुद्दा, 'सदर नळी नेमकी कोणाच्या ताटात होती'. बिस्किट खाली ठेवलं. आणि आम्ही कोण? मुंगी दिसली तर उचललेला पाय तसाच हवेत धरणारी जैन माणसं!

तुम्हाला सांगतो, माझा आणि विद्यापीठाचा संबंध काय? मी आप्पासो मगदूम, भांड्याचा व्यापारी, शिक्षण आठवी, तीसुद्धा दुसऱ्या खेपेला. विद्यापीठाचं नाव घेत नाही, कारण त्यांच्या मेसमध्ये पाचशे ताटं माझ्याच दुकानातली आहेत आणि आणखी पाचशे लागणार आहेत. पण त्यांच्या नियमात आहे म्हणे, शिस्त समितीवर बाहेरचा एक माणूस पाहिजे, निःपक्ष. आता निःपक्ष माणूस कोल्हापुरात आणायचा कुठनं? इथं चहाच्या टपरीवर दोघं भांडायला लागली तर चहावाला गॅस बंद करून एका बाजूला जाऊन उभा राहतो! तर डीन अनुजा मॅडम थेट माझ्या दुकानात आल्या, म्हणाल्या, "आप्पासो, तुमच्यासारखा न्याय कुणाला जमत नाही."

त्याचं असं झालेलं. मॅडमच्या माहेरी वाटणी झाली, तेव्हा त्यांचे दोन भाऊ एका तांब्याच्या हंड्यावरून कोयते घेऊन उठले. एकानं दुसऱ्याच्या दंडावर वार केला, दुसऱ्यानं पहिल्याला हंड्यासकट विहिरीत ढकललं. माणूस आधी वर आला, हंडा मागनं काढला. भांड्याचं भांडण म्हणून मला बोलावलं. मी काय केलं? हंडा उपडा केला, बुडाजवळचं नाव वाचलं. आपल्यात भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे ती काय उगंच नाही! कुणी कुणाला दिलं, कुठल्या कार्याला दिलं, सगळं तिथं लिहिलेलं असतंय. माणूस फिरतो, कागद फिरतो, भांडं फिरत नाही. त्या हंड्यावर नाव निघालं 'अनुजा'. आजोबांनी नातीसाठी घातलेलं. एक भाऊ रक्तबंबाळ, दुसरा ओलाचिंब, आणि हंडा मॅडमना! तेव्हापासून मॅडमच्या हिशेबी माझ्याइतका निःपक्ष माणूस जगात नाही.

घरी सांगितलं, तर आमची चंदना म्हणाली, "अहो, जाऊ नका. पोरं मारामाऱ्या करतात तिथं."

म्हटलं, "अगं, मी न्याय करायला चाललोय, मारामारी करायला नव्हे."

आता ऐका. झालं होतं काय? रविवार, दुपारी एकची वेळ, वसतिगृहाची मेस, आठवड्याचं मटण. टेबलावर कढई आली, कढईत एकच नळी उरलेली. इकडं पेठ वडगावचा आदर्श, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिकडं कबनूरचा धैर्यशील, त्याच वर्गातला, बापाचे अठ्ठेचाळीस माग. ह्यानं हात घातला, त्यानं हात घातला. "ठेव!" "तू ठेव!" "तुझ्या बाची हाय व्हय?" एवढं झालं आणि पहिला ठोसा बसला. मग काय, साठ पोरं उठली की! ज्यांना नळी नको होती तीसुद्धा उठली, एक तर उपवासाचं होतं, साबुदाणा खात होतं, तेसुद्धा खुर्ची घेऊन आलं! ताटं भिरभिरत गेली. माझी ताटं हो, कडा वळवलेल्या, पण कपाळावर बसली तर कड कसली आणि धार कसली? एकाच्या भुवईला चार टाके. एकाच्या पाठीवर गरम रस्सा, पाठ अशी सोलवटली की पोरगं तेव्हापासनं पालथंच झोपत होतं. एकाचं नाक उजवीकडं गेलं, दुसऱ्यानं डावीकडनं मारून सरळ केलं. दह्याच्या पातेल्यात दोन दात सापडले, आणि तिसऱ्याच दिवशी एक पोरगं येऊन म्हणालं, "त्यातला एक माझा हाय, मिळंल काय?" एवढ्यात कुणीतरी मागनं धैर्यशीलच्या टाळक्यात स्टीलचा डाव घातला. डाव म्हणजे वाढायचा, हातभर लांब. तेरा टाके! पोरगं आडवं झालं, रक्त रश्श्यात मिसळलं, आणि मग सगळी थांबली. म्हणजे माणूस पडल्याशिवाय थांबायचंच नाही असा काही नियम आहे काय?

हे मॅडम शांत आवाजात वाचून दाखवत होत्या, जशी काय घटक चाचणीची सूचना. मी टेबलाची कड घट्ट धरून बसलेलो. आम्ही कोण, मुंगी दिसली तर उचललेला पाय तसाच हवेत धरणारी माणसं, आणि पुढ्यात फोटो, तेरा टाक्यांचा, रंगीत, मोठा करून काढलेला!

वसतिगृहाचे रेक्टर, पृथ्वीराज सर. सहा फूट, मिश्या अशा, आवाज असा की माईक लाजला पाहिजे. त्यांनी सगळी चौकशी आधीच करून ठेवलेली. "आप्पासो, तुम्हाला तरास नको. गुन्हेगार सापडलाय. आदर्शनं मारलं. तीन साक्षीदार हायत, पुरावा म्हणून डाव हाय. दोन वर्षं विद्यापीठातनं काढायचं, सही करायची, चहा घ्यायचा, जायचं."

चहा आलासुद्धा! पण मॅडम नियमाच्या पक्क्या. "नाही सर, मुलाचं ऐकल्याशिवाय शिक्षा देता येणार नाही. साक्षीदारही बोलवा."

आली तिघं. पहिला म्हणाला, "आदर्शनं उजव्या हातात डाव धरून मागील बाजूने प्रहार केला." दुसरा म्हणाला, "आदर्शनं उजव्या हातात डाव धरून मागील बाजूने प्रहार केला." तिसऱ्यानं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "प्रहार केला?" म्हणाला, "व्हय. मागील बाजूने." आता मला सांगा, मेसमधलं पोरगं प्रहार म्हणतं का? हाणला म्हणतं, घातला म्हणतं, दणका दिला म्हणतं! एका साच्यातनं काढलेल्या वाट्या मी दुरून ओळखतो हो, चाळीस वर्षं तोच धंदा आहे. विचारलं, "पोरा, तू तेव्हा होतास कुठं?"

"टेबलाखाली."

"आणि टेबलाखालनं वरचा उजवा हात दिसला?"

ते रेक्टर सरांकडं बघायला लागलं. सर खोकले. केवढ्यानं खोकले! कप बशीत नाचला.

मग आदर्श आला. काटकूळं पोरगं, एका डोळ्याखाली काळं-निळं, ओठ फाटलेला. त्याच्यासंगं त्याची आई बायडाबाई, वडगावच्या बाजारात मिरच्या विकते, हाताला तिखटाचा वास. उभीच राहिली, खुर्ची दिली तरी बसेना. म्हणाली, "सायेब, जुलैत ह्येला शिरोलीच्या कारखान्यात घ्येनार हायत, कागद बी आलाय. दोन वर्सं काढलासा तर कोन घ्येतंय ह्येला? मारलं असंल तर हितंच माझ्यासमोर हाणा, पर शाळा तोडू नगा." विद्यापीठाला शाळा म्हणत होती ती. मला काय हसू आलं नाही. मीही तेच म्हणतो.

मॅडमनी विचारलं, "आदर्श, तू मारलंस का?"

पोरगं सरळ ताठ उभं राहिलं. "मारलं की!"

रेक्टर सर टुणकन उठले. "बघा! कबूल!"

"चौघांना मारलं," आदर्श म्हणतो. "एकाला ठोसा, एकाला खुर्ची, एकाचं डोकं भिताडावर, आनि एकाला चावलो. नावं सांगतो, लिवून घ्या. पर धैर्यशीलला डाव मी न्हाय घातला."

"का नाही घातलास?" मी विचारलं. काय प्रश्न हो हा! पण न्यायाच्या नादात माणूस काहीही विचारतो.

"त्याच्याकडं जायाला लागलतो, तवर त्यो पडलेलाच! माझी पाळीच आली न्हाय."

तुम्हाला सांगतो, त्या खोलीत दिवसभरात बोललेलं पहिलं खरं वाक्य ते! खोटं बोलणारा माणूस पाळी आली नाही म्हणून हळहळत नाही. तिकडं डोक्याला पांढरं मुंडासं बांधल्यासारखी पट्टी घेऊन धैर्यशील बसलेला, शेजारी त्याचा बाप आण्णा, मुठी आवळून. धैर्यशीलला विचारलं, तर म्हणाला, "मागनं घातला, दिसला न्हाय. सरांनी सांगितलं आदर्श व्हता." पुन्हा सरांनीच सांगितलं! मेसमध्ये साठ पोरं, आणि डोळे फक्त सरांनाच?

म्हटलं, "पुरावा बघू."

प्लॅस्टिकच्या पिशवीतनं डाव काढला. आणि हातात घेतल्या घेतल्या मी ओळखला, हा मेसचा नव्हेच! मेसचे डाव मी दिलेत, पातळ, पोकळ दांड्याचे, घाऊक माल. हा भरीव, जड, दांड्याला वळणदार टोक, लग्नाच्या सेटमधला. तो मी फक्त रुखवताला विकतो. उपडा केला. दांड्याच्या मागं काचपेपर मारलेला! कुणीतरी नाव घासून काढलेलं!

अहो, पण नाव घालणारा कोण? मी! दुकानातलं मशीन माझ्या हातात असतंय, मी दाबून घालतो, गिऱ्हाईक दहा वर्षांनी आलं तरी नाव जात नाही म्हणून माझी ख्याती आहे. वरचं घासलं तरी खोल गेलेलं कुठं जातंय? उठलो, फळ्याजवळचा खडू घेतला, चुरून दांड्यावर चोळला, बोटानं पुसला. खडू बसला खाचेत. खिडकीपाशी उजेडात धरला. आधी 'राज' दिसलं. मग 'चि. सौ. कां. भाग्यश्री'. मग 'मामाकडून सप्रेम भेट'.

मी मोठ्यानं वाचलं. "चिरंजीव पृथ्वीराज व चि. सौ. कां. भाग्यश्री यांच्या विवाहाप्रीत्यर्थ."

मॅडमनी चष्मा काढला. आण्णा हळूच उभे राहिले. आणि तिन्ही साक्षीदार एकदम बोलायला लागले, भेद सगळा उलगडला की! दर रविवारी रेक्टरसाहेब घरनं डबा आणि घरचाच डाव घेऊन मेसमध्ये यायचे. का? तर मेसचा डाव उथळ, त्यात रस्सा जास्त येतो आणि फोडी कमी! हातात डाव, पुढ्यात मारामारी, सोडवायला म्हणून घुसले, आणि पहिलं जे डोकं दिसलं त्यावर घातला!

धैर्यशील उठला, पट्टीवर हात ठेवून म्हणाला, "सर… म्हंजी… नळी तुमच्या डब्यात गेली?"

डोकं फुटल्याचं नाही, नळीचं दुःख!

आता सरांनी गप बसावं की नाही? चुकलो म्हणावं, मॅडम काय फाशी देणार होत्या का? नाही! सर म्हणतात, "व्हय, माझाच डाव. शिस्तीसाठी मारलं. हेतू चांगला व्हता. आणि ह्या आदर्शनं नाहीतरी चौघांना मारलंच हाय की, पाचवं ह्याच्या नावावर गेलं तर काय बिघडलं?"

म्हणजे बघा! उधारी खात्यावर चुकून दुसऱ्याची किटली चढली तर मी रात्रभर झोपत नाही, आणि हा माणूस अख्खं फुटलेलं डोकं दुसऱ्याच्या नावावर चढवतो! मी तरीही हात बांधून उभा. डाव हातातच. मग ते बायडाबाईंकडं वळले आणि बोट नाचवून म्हणाले, "मिरच्या इकणारीचं पोरगं, इंजिनेर व्हऊन काय दिवं लावणार हाय? आज नाहीतर उद्या तुरुंगातच जायाचं, मी दोन वर्सं आधी धाडालतो!"

ती बाई रडली नाही हो. खाली बघितलं तिनं. नुसतं खाली बघितलं.

आणि आम्ही कोण? मुंगी दिसली तर उचललेला पाय तसाच हवेत… पाय हवेत राहिला की नाही माहीत नाही, हात मात्र खाली आला. टण्ण! डाव रेक्टरसाहेबांच्या टाळूवर! माझाच माल, माझ्याच हातानं, आवाज काय घुमला म्हणून सांगू, देवळातली घंटा वाजवल्यागत. मॅडम म्हणाल्या, "आप्पासो!" मीही म्हणालो, "आप्पासो!"

मग फुटलं धरण. आण्णांनी "माझ्या पोरावर हात टाकतोस व्हय रं!" म्हणून टेबलावरनंच उडी मारली, सरांची मान काखेत धरली. सरांनी आण्णांना पाठीवरनं फेकलं, आण्णा कपाटावर, कपाटातनं नियमांची पुस्तकं सरांच्या पायावर. बायडाबाईंनी चप्पल काढली आणि दोन ओढल्या, तिखटाचा हात डोळ्यांना लागला तसे सर बैलागत डिरकले, आंधळे होऊन फिरायला लागले, जो सापडेल त्याला ठोसा. एक साक्षीदाराला बसला, ते पुन्हा टेबलाखाली, सवयच! दुसऱ्याचा दात, तोही पाण्याच्या ग्लासात. धैर्यशील आणि आदर्श, ज्यांच्यापायी हे रामायण, ती दोघं खांद्याला खांदा लावून सरांच्या एकेका पायाला लोंबकळत होती! "वडगाव, घट्ट धर!" "कबनूर, तू वड!" खिडकीची काच गेली, फळा पडला, खडूचा धुरळा, त्यात रक्ताचे थेंब, सरांच्या कपाळावरनं मिशीत ओघळ. आणि मॅडम? टेबलाखाली, त्या साक्षीदाराच्या शेजारी, नियमांचं पुस्तक उघडून ओरडताहेत, "कलम सतरा! कलम सतरा! सर्वांनी आपापल्या जागी बसावे!" कुणाची जागा शिल्लक होती का? खुर्च्या सगळ्या हवेत!

घरी गेलो तेव्हा चंदनानं शर्टावरचं रक्त बघितलं. विचारलं, "तुमचं?"

"नाही," म्हटलं.

ती देवघरात गेली आणि दार लावून घेतलं. दोन दिवस मौन! आणि आमच्यात मौन धरलं की वाद घालायला माणूस मिळत नाही, हे सगळ्यात वाईट.

पण निकाल मॅडमनी लावला, आणि चोख लावला, हे मान्य केलं पाहिजे. धैर्यशीलचं डोकं आदर्शच्या नावावरनं उतरवलं. चौघांना मारलेलं मात्र त्याच्याच नावावर ठेवलं. महिनाभर मेसची भांडी घासायची, परीक्षेला बसायची परवानगी. बायडाबाईंनी मला वडगावहून मिरच्यांचा पुडा पाठवला, आम्ही तिखट खात नाही, पण ठेवलाय. धैर्यशीलनं पहिला ठोसा मारला होता म्हणून तोही त्याच शिक्षेत, दोघं शेजारी शेजारी बसून घासतात आणि कुणाचं ताट जास्त चकाकतं यावर भांडतात. रेक्टरपद गेलं, सरांना ग्रंथालयात बसवलं, तिथं डाव लागत नाही. पोलिसांचं पोलीस बघतील.

मग पाकीट आलं. माझ्या नावानं. 'समितीच्या दालनात प्रथम शारीरिक हिंसा केल्याबद्दल आपली चौकशी करण्यात येत आहे. आपली बाजू मांडण्यास हजर राहावे.' आणि खाली आणखी एक ओळ, 'सदस्यसंख्या अपुरी असल्याने आपण समिती सदस्य म्हणूनही हजर राहावे.'

गेलो! आधी इकडच्या खुर्चीवर बसून प्रश्न विचारला, "आप्पासो, तुम्ही मारलंत का?" मग उठून तिकडं गेलो, म्हटलं, "मारलं की! पहिला फटका माझाच." पुन्हा इकडं येऊन म्हटलं, "कबूल आहे, कडक शिक्षा झाली पाहिजे. समाजात संदेश गेला पाहिजे. मी म्हणतो, ह्या इसमाला दोन वर्षं विद्यापीठाच्या आवारात पाऊल ठेवू देऊ नये!" केवढ्या आशेनं बोलत होतो म्हणून सांगू… पाच वर्षं म्हणणार होतो, पण लोभ वाईट.

मॅडमनी शांतपणे लिहून घेतलं. मग वाचून दाखवलं. 'गुन्हा पहिलाच. कबुली स्वतःहून. आजवरचं वर्तन चांगलं. सबब आरोपीस समज देऊन सोडण्यात येत आहे, व सुधारण्याची संधी म्हणून त्यांची समितीवरील मुदत तीन वर्षांनी वाढवण्यात येत आहे.'

आता बोला! चार जणांना मारणारा पोरगा महिन्यावर सुटला… मी एकच मारला, मला तीन वर्षं!